नाव कोण ठेवतं?

देश सोडून परदेशात राहायला गेलेली कादंबरीतली नायिका एक तर रडत जुनं कवटाळते, नाहीतर सगळं झुगारून मोकळी होते, असं एक मत आहे. मला ते नाही पटलं. झुंपा लाहिरींच्या 'द नेमसेक' (२००३) या कादंबरीतली, लग्नानंतर कोलकात्याहून अमेरिकेत आलेली आशिमा बघा. १९६८ चा ऑगस्ट, दिवस भरत आलेले, आणि ती अमेरिकेतल्या केंब्रिजमधल्या स्वयंपाकघरात राइस क्रिस्पीज (कुरमुऱ्यांसारखं तिकडचं खाणं), शेंगदाणे आणि कांदा कालवतेय. मीठ, लिंबू, मिरची सगळं आहे, फक्त मोहरीचं तेल नाही. त्या एका वाटीत तिचं परकेपण मावतं. वेगळं भाषण लागत नाही. नवऱ्याला नावानं हाक न मारता ती 'ऐकताय का?' अशा अर्थाचं काहीतरी म्हणते. (आपलं 'अहो, ऐकलंत का' आठवलंच!) पण हीच बाई पुढे लायब्ररीत नोकरी करते, आणि शेवटी सहा महिने भारतात, सहा अमेरिकेत असं स्वतःच ठरवते. यात झुगारणं कुठे आलं?

उलट भारती मुखर्जींची 'जास्मिन' (१९८९) ही कादंबरी मला जास्त अस्वस्थ करते. पंजाबातल्या खेड्यातली ज्योती आधी जास्मिन होते, मग जेस, मग जेन. वरवर पाहता प्रत्येक नाव म्हणजे नवा जन्म. पण जास्मिन हे नाव नवऱ्यानं दिलेलं, जेस हे अमेरिकेत ज्याच्या घरी ती मूल सांभाळते त्या टेलरनं, आणि जेन हे पुढे ज्याच्यासोबत राहते त्या बडनं! समीक्षक याला 'ओळखीचा शोध' म्हणतात, ठीक आहे, पण या तिन्ही नावांचं बारसं पुरुषच करतोय. आशिमानं नाव बदललं नाही, आणि मला तरी तीच जास्त लांब गेलेली वाटते.