बिल्ला, बॅज की बटण? (शब्दचर्चा)

शोधयात्री:
मामेभाऊ अमेरिकेतून जुन्या वस्तूंचा एक अल्बम घेऊन आलाय. पत्र्याच्या गोल चकत्या, वर रंगीत चित्र, मागे तारेची पिन. काही गायकांच्या आणि बँडांच्या, काही तिथल्या शहरांच्या शताब्द्यांच्या आणि प्रदर्शनांच्या. आमच्या पेठेतल्या वाचनालयात त्याचं छोटंसं प्रदर्शन भरवतोय आणि पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलंय. तो त्यांना सरळ 'बटन' म्हणतो. मी कच्च्या कागदावर 'संगीताची जुनी बटणे' लिहून बघितलं, तर आईने विचारलं, टेपरेकॉर्डरची का?

मराठीत ह्यांना काय म्हणावं? बिल्ला, बॅज, बटण, की आणखी काही?

काथ्याकूट:
बटण तर नकोच. मराठीत बटण सदऱ्याला असतं, दिव्याला असतं, आणि हल्ली मतदान यंत्रावर असतं. निवडणुकीच्या चकतीला 'प्रचाराचं बटण' म्हटलंत, तर लोक ते दाबायला जातील.

अमेरिकेत ते नाव पडलं त्याला कारण आहे. 1789 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन अध्यक्ष झाला, तेव्हा त्या सोहळ्याची आठवण म्हणून पितळी गुंड्या निघाल्या. त्या खऱ्याच गुंड्या होत्या, कोटाला शिवायच्या. पुढे वस्तू बदलली, नाव चिकटून राहिलं. तुमच्या भावाकडे आहे तो प्रकार 1896 चा. न्यू जर्सीतल्या न्यूअर्क गावच्या व्हाइटहेड अँड होग कंपनीने त्याचं पेटंट घेतलं. छापील कागद, त्यावर पारदर्शक सेल्युलॉइडचा पापुद्रा, दोन्ही मिळून पत्र्याच्या चकतीवर ताणून बसवायचे आणि मागे कड्याने घट्ट दाबायचे. कड्याच्या खाचेत तारेची पिन. त्याच वर्षी मॅकिन्ली विरुद्ध ब्रायन अशी निवडणूक होती, त्यामुळे कंपनीला गिऱ्हाईक शोधावं लागलं नाही. पुढे 1920 च्या आसपास थेट पत्र्यावर छपाई करून आणखी स्वस्त चकत्या निघू लागल्या.

आणि हीच वस्तू इंग्लंडात गेली की तिला बॅज म्हणतात. इंग्रजीतच एकमत नाही, तर आपण त्यांचं बटण कशाला उसनं घ्यायचं?

जुनी_पेठ:
बटण नको, मान्य. पण 'बिल्ला' म्हणण्याआधी त्या शब्दाचं खानदान बघा.

बिल्ला हा मुळात सत्तेचा शब्द आहे. हमालाचा बिल्ला, टांगेवाल्याचा बिल्ला, कंडक्टरचा बिल्ला. पितळेचा, नंबर ठोकलेला. तो विकत मिळायचा नाही. कुणीतरी द्यायचा आणि चूक झाली की काढूनही घ्यायचा. अमिताभचा 786 नंबरचा बिल्ला आठवा, तो हौसेने लावलेला नव्हता, कामावरचा होता.

ह्या घराण्यातला आणखी जुना शब्द म्हणजे चपरास. कचेरीचं नाव कोरलेली पितळी पाटी पट्ट्यावर लावायची, ती चपरास, आणि ती लावणारा तो चपराशी. आपल्याकडे मात्र पाटीऐवजी पट्ट्याकडे लक्ष गेलं, म्हणून तोच माणूस मराठी कचेरीत पट्टेवाला झाला. दोन्हीकडे माणसाला अंगावरच्या वस्तूचं नाव पडलं. आता चपरास कुणाला ठाऊक नाही, चपराशी म्हटलेलं कुणाला आवडत नाही, आणि पट्टेवाल्याचा 'शिपाई' होऊन बरीच वर्षं झाली.

पुण्यात तर सायकललाही पालिकेचा बिल्ला असे. कर भरला की मिळायचा. तो छातीवर टाचायचा नव्हता, त्याला पिन नव्हती, तरी तो बिल्लाच. म्हणजे बिल्ला ठरतो तो पिनेने नाही, नोंदीने. कुणीतरी तुमची नोंद केली आहे, ही त्याची खूण. एखाद्या बँडवर जीव आहे म्हणून स्वतःच विकत घेऊन कोटाला लावलेल्या चकतीत ती नोंद कुठे आहे? माझ्या मते तो बॅजच.

काथ्याकूट:
पिनेने नाही, नोंदीने. हे आवडलं. पटलं नाही.

आजोळ_कसबा:
जुनी_पेठ काका, तुम्ही निवडणुकीचे बिल्ले विसरलात?

आमच्या लहानपणी मतदान जवळ आलं की प्रचाराची जीप गल्लीत शिरायची आणि सगळी पोरं तिच्यामागे. भोंग्यावर काय चाललंय ह्याच्याशी कुणाला घेणं नव्हतं. हवे असायचे बिल्ले. कागदी, पुठ्ठ्याचे, आणि नशीब जोरावर असलं तर पत्र्याचे. एकाच शर्टावर एकमेकांचे वैरी असलेले पक्ष शेजारी शेजारी टाचलेले. अदलाबदलीचे भावही ठरलेले. मोठ्या पक्षाचे पैशाला पासरी, अपक्षाचा एखादा चमत्कारिक चिन्हाचा बिल्ला मात्र दोन-दोन देऊन घ्यावा लागे. कसली नोंद आणि कसली सत्ता! मत द्यायचं वयसुद्धा नव्हतं. तरी त्या वस्तूला कुणी बॅज म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. बिल्लाच.

अमेरिकेतही ह्या चकत्या निवडणुकीमुळेच पसरल्या, असं वर आलंच आहे. तिथे सिगारेटच्या पाकिटाबरोबरही त्या फुकट मिळायच्या आणि लोक जमवायचे. गल्ली वेगळी, पोरं तीच.

बिल्ल्यावरून काळही ओळखता येतो. बैलजोडी असेल तर काँग्रेसचा, पण 1969 च्या फुटीच्या आधीच्या काळातला. गायवासरू म्हणजे इंदिरा काँग्रेस, 1971 पासून पुढची काही वर्षं. पणती असेल तर जनसंघ, झोपडी असेल तर प्रजासमाजवादी. चक्रातला नांगरधारी शेतकरी दिसला की 1977 ची जनता लाट. पालिकेच्या जुन्या बिल्ल्यांनाही हीच युक्ती लागू: नुसतं 'नगरपालिका' असेल तर 1950 च्या आधीचा, कारण त्या वर्षी 15 फेब्रुवारीला महानगरपालिका झाली. इंग्रजी अक्षरांत 'पूना' असेल तर बहुधा सत्तरच्या दशकाच्या अखेरीच्या आधीचा. बहुधा म्हटलं, कारण जुने साचे वापरणारे लोक पुण्यात भरपूर.

जुनी_पेठ:
निवडणुकीचा मुद्दा बिनतोड आहे. पण तिथेही बिल्ला पक्षाने वाटलेला असतो, पोराने विकत घेतलेला नसतो. 'देणारा' आहेच.

झणझणीत:
'टाचबिल्ला' म्हणा. टाचणीने लावायचा बिल्ला. नवा शब्द, अर्थ चोख, भांडण संपलं.

काथ्याकूट:
भांडण संपेल, पण प्रदर्शनाला येणारी माणसं पाटी वाचून 'टाच' शोधायला खाली बघतील. शिवाय टाचणी वेगळी. ती सरळ असते आणि तिला डोकं असतं. ह्या चकतीच्या मागची पिन वाकवलेल्या तारेची असते. आहे तो शब्द चालत असताना दुसरा पाडू नये. शासकीय परिभाषेचं एवढं पुस्तक झालं तरी लोक 'स्टेशन'च म्हणतात.

रिक्षाथांबा:
इतका वेळ सगळे बॅजला हौशी आणि बिल्ल्याला सरकारी ठरवताहेत. रस्त्यावर उलटं आहे.

स्वारगेटच्या थांब्यावर जाऊन 'बॅज' म्हणा. त्याचा अर्थ एकच: रिक्षा चालवायची परवानगी. 'बॅज काढलाय का?', 'बॅज नंबर सांग', 'लायसन आहे पण बॅज नाही' ही रोजची वाक्यं. इथे बॅज म्हणजे जुनी_पेठ काकांची ती नोंद, अगदी शंभर टक्के. खांद्यावरची फीत असो वा कंपनीच्या दारात यंत्राला दाखवायचं कार्ड असो, जिथे अधिकार आहे तिथे आता बॅज म्हणतात.

आणि बिल्ला कुठे उरला? गणपतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात, लग्नातल्या वरपक्षाच्या छातीवर. सॅटिनच्या रिबिनीचं फूल, मधोमध गोल पुठ्ठा, त्यावर 'कार्यकर्ता'. इंग्रजी शब्द आला आणि त्याने अधिकाराची खुर्ची घेतली. बिल्ला सणासुदीला मोकळा झाला. म्हणून हौसेच्या वस्तूला आज 'बिल्ला'च जास्त शोभतो. काकांनी सांगितलेला इतिहास खरा आहे, पण तो मागच्या पिढीतल्या बिल्ल्याचा.

एक सवलत देतो. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोराच्या आत राहायचं असेल, तर त्या पुठ्ठ्याच्या बिल्ल्याला अजून पोलिसी वजन आहे.

आजोळ_कसबा:
सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचंही तसंच. 1953 पासून चालत आलेला महोत्सव, रमणबागेच्या मैदानावर कितीतरी वर्षं, आता मुकुंदनगरला. तिथे स्वयंसेवकाच्या छातीवरचा बिल्ला म्हणजे संगीताचाही आणि अधिकाराचाही. तो लावलेला मुलगा 'जरा सरकून बसा' म्हणाला की भारतीय बैठकीतले मोठमोठे रसिक निमूट सरकतात. असा जुना बिल्ला कुणाकडे असेल तर प्रदर्शनात अमेरिकन गायकांशेजारी ठेवाच.

नाणीवेडा:
शब्द ठरला असेल तर क्रियापदांचंही बघून घ्या. पाट्यांवर तीच जास्त चुकतात.

बिल्ला लावतात किंवा टाचतात. घालत नाहीत, नेसत तर नाहीतच. मिरवतात, पण त्यात किंचित टोमणा आहे. पदक मिळतं, गळ्यात पडतं, त्यामागे पराक्रम किंवा निदान स्पर्धा लागते. गायकाच्या चित्राच्या चकतीला 'पदक' लिहू नका. 'मोहोर' तर भलतंच, ती उमटवायची किंवा सोन्याची असते. मीनाकाम केलेल्या जाड बिल्ल्याला बाजारात 'मीन्याचा' म्हणतात; तुमच्या चकत्या त्या नव्हेत, ह्या 'पत्र्याच्या'.

भागांची नावं: पुढचा तो चेहरा, मागची ती पाठ, भोवतीची ती कड, आतली ती तार. पाठ नीट बघा. जुन्या अमेरिकन बिल्ल्यांत पाठीच्या पोकळीत छापील कागद असतो, त्यावर कारखान्याचं नाव आणि पेटंटच्या तारखा. पण ती पेटंटची तारीख, बिल्ल्याची नव्हे. 1896 छापलंय म्हणून पाटीवर 1896 लिहू नका. तोच कागद पुढेही बरीच वर्षं वापरला गेला. बफेलोचं 1901 चं किंवा सेंट लुईचं 1904 चं प्रदर्शन असेल, तर चेहऱ्यावरच वर्ष सापडायची शक्यता जास्त. बँडांचे असतील तर बघा, बीटल्स 1964 मध्ये अमेरिकेत पोचले तेव्हा असल्या वस्तूंचा पूर आला होता, आणि त्यांच्या नकला आजही निघतात.

तपकिरी ठिपके दिसले तर ओल्या फडक्याने पुसू नका. पाणी कडेतून सेल्युलॉइडखाली शिरतं आणि कागदावर कायमचा डाग बसतो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जे चकचकीत धुतलेले बिल्ले मांडतात, त्यांच्यातले निम्मे असेच गेलेले असतात. कोरडं मऊ कापड, बास.

जुनी_पेठ:
रिक्षाथांब्याचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. बिल्ला लिहा, माझी हरकत नाही. फक्त एखाद्या पाटीवर चपराशीबुवांचा उल्लेख येऊ द्या.

शोधयात्री:
सगळ्यांचे आभार. मोठी पाटी अशी करतेय: 'गाणी आणि गावं: पत्र्याच्या जुन्या बिल्यांचा संग्रह'. खाली बारीक अक्षरांत चपरास, सायकलचा बिल्ला आणि निवडणुकीचे बिल्ले. काका, तुमचं 'पिनेने नाही, नोंदीने' हे वाक्य घेऊ का? आणि सायकलचा बिल्ला कुणाकडे असेल तर आठवडाभरासाठी द्याल का? कुलपाच्या पेटीत ठेवू.

जुनी_पेठ:
वाक्य घ्या. सायकलचा बिल्ला आहे माझ्याकडे, पोहोच लिहून देणार असाल तर देतो.

काथ्याकूट:
'बिल्यांचा' नव्हे, 'बिल्ल्यांचा'. बिल्ला, बिल्ले, बिल्ल्यांचा. एक ल खाल्लात तर ती वीजबिलं होतील. पाटी रंगवायला टाकली नसेल तर आत्ताच पेंटरला फोन करा.