‘केवळ शास्त्र’: यातला ‘केवळ’ कशाला लागतो?

प्रॉटेस्टंट ईश्वरविज्ञानावरचा एक मजकूर मराठीत आणतो आहे. त्यात ‘सोला स्क्रिप्तुरा’ ही लॅटिन घोषणा पानोपानी येते; शब्दशः ‘केवळ शास्त्र’, आणि शास्त्र म्हणजे बायबल. ‘केवळ शास्त्र’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं, या लोकांनी बायबल सोडून बाकी सगळी पुस्तकं मिटून ठेवली. ‘शास्त्र’ म्हटलं की काहींना भौतिकशास्त्र आठवतं, ते वेगळंच. नेमका अर्थ काय धरायचा, आणि शब्द कोणता?

—

आधी व्याकरण. सोबतच्या ‘सोला फिदे’ (केवळ श्रद्धेने) या घोषणेत ‘फिदे’ हे रूप प्रथमेचं नाही, प्रथमा ‘फिदेस’ होते. म्हणून ‘स्क्रिप्तुरा’सुद्धा त्याच विभक्तीत वाचतात. मराठीत ती तृतीया: ‘केवळ शास्त्राने’. मग क्रियापद हवं. शास्त्राने काय करायचं? तर सिद्ध करायचं, पारखायचं. ‘केवळ शास्त्र’मध्ये ही क्रियाच गळून पडते.

—

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण गोंधळाचं मूळ ‘केवळ’मध्ये आहे. 18 एप्रिल 1521 रोजी जर्मनीतल्या वर्म्स इथे सम्राटापुढे प्रॉटेस्टंट चळवळीचा प्रणेता ल्यूथर म्हणाला त्याचा आशय असा: शास्त्रवचनांच्या साक्षीने किंवा उघड युक्तिवादाने माझं म्हणणं खोडून काढा, नुसत्या पोपवर किंवा धर्मपरिषदांवर माझा भरवसा नाही, कारण त्या चुकल्या आहेत. म्हणजे युक्तिवाद तिथेही शास्त्राच्या शेजारी उभा आहेच. ल्यूथर आणि दुसरा सुधारक कॅल्व्हिन दोघेही ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती आचार्याचे दाखले भरपूर देतात, नायसियाचा विश्वासांगीकार, म्हणजे चर्चने मान्य केलेलं श्रद्धेचं जुनं निवेदन, मानतात. त्यांचा दावा इतकाच की हे सगळं तपासून घेण्याजोगं आहे. ज्याला तपासायला वरचं न्यायालय नाही ते एकच, शास्त्र.

जुने लूथरन पंडित यासाठी दोन संज्ञा वापरत: ‘नोर्मा नोर्मान्स’ म्हणजे मापणारं माप, आणि ‘नोर्मा नोर्माता’ म्हणजे स्वतः मापून घेतलेलं माप. शास्त्र पहिलं, विश्वासांगीकार दुसरं. आपल्याकडे दर्शनांच्या भाषेत ‘स्वतःप्रमाण’ (स्वतःच्याच बळावर प्रमाण) आणि ‘परतःप्रमाण’ (दुसऱ्याच्या आधाराने प्रमाण) ही जोडी तयार आहे. मीमांसेतला सगळा अर्थ सोबत ओढायची गरज नाही, पण शब्द चपखल बसतात. म्हणून माझी पसंती ‘शास्त्रप्रामाण्य’ला. ‘केवळ’ लावायचा तर तो प्रामाण्याला लावा: ‘शास्त्र हेच अंतिम प्रमाण’.

परंपरा मुळीच नको, माझं मी वाचेन आणि ठरवेन, या भूमिकेला ‘नूदा स्क्रिप्तुरा’, म्हणजे नागवं शास्त्र, असं वेगळं नाव देतात. आज बरेच जण बोलताना या दोन्ही गोष्टी एक करतात, त्यात प्रॉटेस्टंटही आले.

—

कॅथलिक बाजूने एक भर. 1546 मध्ये त्रेंत इथल्या कॅथलिक धर्मपरिषदेने म्हटलं की सत्य लिखित पुस्तकांत आणि अलिखित परंपरांत आहे, आणि दोन्हींचा स्वीकार सारख्याच आदराने करावा. 2 तीमथ्य 3:16 मध्ये शास्त्रलेख ‘उपयोगी’ म्हटला आहे, ‘पुरेसा’ नव्हे, आणि 2 थेस्सलनी 2:15 मध्ये तोंडी शिकवलेलंही धरून ठेवायला सांगितलं आहे, हे आमचे नेहमीचे दाखले. खरी अडचण मात्र अनुक्रमणिकेची. कुठली पुस्तकं शास्त्र, याची यादी शास्त्रात नाही. नव्या कराराच्या 27 पुस्तकांची आजच्यासारखी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याच्या 367 सालच्या पत्रात भेटते. प्रॉटेस्टंट बायबलात 66 पुस्तकं, कॅथलिक बायबलात 73. हा फरक ‘केवळ शास्त्राने’ कसा मिटवणार?

—

यावर प्रॉटेस्टंट उत्तर असं की मंडळीने (चर्चने) यादी ‘ठरवली’ नाही, ‘ओळखली’. सोनार सोनं पारखतो, घडवत नाही. हे उत्तर मला अर्धंच पटतं, कारण पारखण्याचा अधिकारही कुठून तरी यावा लागतोच. पण भाषांतर करताना ‘ठरवणे’ आणि ‘ओळखणे’ यांची अदलाबदल करू नका. एका क्रियापदाने तुम्ही बाजू घेतलेली असते.

—

आणि अर्थ कोण लावणार? 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि स्विस सुधारक झ्विंग्ली समोरासमोर बसले. वाद होता प्रभुभोजनातल्या भाकरीबद्दल ख्रिस्ताने म्हटलेल्या वाक्याचा. दोघांनाही शास्त्र हेच अंतिम प्रमाण. ल्यूथरने टेबलावर खडूने ‘हे माझे शरीर आहे’ हे वाक्य लॅटिनमध्ये लिहून ठेवलं. झ्विंग्ली म्हणाला, इथे ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवते’. पुष्कळ मुद्द्यांवर एकमत झालं, या एका शब्दावर नाही.

—

मूळ प्रश्नकर्त्यासाठी: घोषणा म्हणून येईल तिथे ‘सोला स्क्रिप्तुरा’ तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखाला ‘पवित्र शास्त्र हेच अंतिम प्रमाण’ असा खुलासा जोडा, पुढे ‘शास्त्रप्रामाण्य’ चालवा. ‘पवित्र’ पहिल्यांदा आलं की भौतिकशास्त्राची शंका राहत नाही. ‘अधिकार’ हा शब्द माणसांसाठी राखून ठेवा: पोपचा अधिकार, परिषदेचा अधिकार. मजकुरात वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकार (सतराव्या शतकातलं इंग्रजी प्रॉटेस्टंट निवेदन) आला तर पहिला अध्याय नीट पाहा. शास्त्रातून योग्य आणि अपरिहार्यपणे निघणारं अनुमानही तिथे शास्त्राच्याच खात्यात धरलं आहे, त्यामुळे ‘शब्दशः शास्त्रात असेल तेवढंच’ असं भाषांतर तिथे चुकेल.