प्रतिसाद: पिल्लाचं नाव अर्गोस ठेवा
वर कुणीतरी केनेलमधल्या पिल्लांना झ्यूस, मार्स अशी नावं सुचवलीत, पण ते देव झाले हो, ग्रीकांच्या गोष्टीत कुत्रं म्हणून खरा मान अर्गोसचा, होमरच्या काव्यातला राजा ओडिसियस 20 वर्षांनी भिकाऱ्याच्या वेशात घरी आला तर शेणाच्या ढिगावर पडलेल्या ह्या म्हाताऱ्या कुत्र्यानं त्याला ओळखलं, शेपूट हलवली, कान पाडले अन् जीव सोडला. वाचताना दरवेळी गलबलतं. आमच्या लातूर भागात कारवानी जातीची शिकारी कुत्री पाळतात, माझी कुत्री पण मी गावाहून आलो की फाटक वाजायच्या आधीच उठून उभी असते, म्हणून तिच्या पिल्लाचं नाव अर्गोसच ठेवलं. अन् नाव छोटंच ठेवा, शिकारी कुत्र्यांबद्दल झेनोफन ह्या जुन्या ग्रीक लेखकानं पण तेच लिहिलंय, तुरीत शिरलेल्याला लांबून हाक मारायची असते.