मदत हवी आहे: मेच्या दुसऱ्या आठवड्यात ब्लूबेल, गाडीशिवाय

मंडळी, सासू-सासरे पुण्याहून 9 मेला लंडनला येताहेत आणि सासूबाईंना ब्लूबेलच्या निळ्या रानफुलांचं जंगल बघायचंय. घोडं अडलंय तारखेवर. दक्षिण इंग्लंडमध्ये बहर साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या सुरुवातीपर्यंत. वसंत उबदार असला तर त्याआधीच आटोपतो. बीचच्या झाडांना पानं फुटून वर दाट छत झालं की खाली ऊन पोचत नाही, मग निळाई जाऊन नुसती हिरवी बोंडं उरतात.

लंडनमधलं क्यू गार्डन्स हे वनस्पती उद्यान सगळ्यात सोयीचं, पण तिथलाही बहर तोवर उतरणीला लागलेला असतो. अ‍ॅशरिजचं डॉकी वुड हे जंगल ट्रिंग रेल्वे स्टेशनपासून लांब, आमच्याकडे गाडी नाही. म्हणून नजर उत्तरेकडे, यॉर्कशरमधल्या इल्कलीच्या मिडलटन वुड्सवर आहे. तिथे फुलं उशिरा येतात आणि लीड्सहून थेट लोकल आहे. मात्र नकाशात चढ दिसतो, फोटोंत वाटेवर उघडी मुळं आणि चिखल.

सासूबाई काठी घेऊन सपाटीवर अर्धा तास चालतात. कुंपणावरच्या लाकडी पायऱ्या चढणं जमणार नाही. शनिवार-रविवार नको. ‘जरा आत शिरून फोटो काढा’ हा सल्लाही नको: पानं तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही, पुढची फुलं रोडावतात.

तर, मिडलटन वुड्सच्या कुठल्या बाजूने शिरलं तर चढ न चढता फुलं दिसतात, आणि टॅक्सी तिथपर्यंत जाते का? की 12-13 मेपर्यंत बहर टिकणारं, सपाट वाटेचं दुसरं एखादं जंगल सुचवाल?