एक्सपल्स २०० ४व्हीच्या पोटाखाली कुठली प्लेट? ॲल्युमिनियम, लोखंड की प्लास्टिक?

धनगरवाडा_डॉक्टर (कोल्हापूर)

मंडळी, राम राम. गाडी हिरोची मोटारसायकल, एक्सपल्स २०० ४व्ही, चौतीस हजार किलोमीटर झालेली. प्रश्न इंजिनाला दगडांपासून वाचवणाऱ्या खालच्या प्लेटचा. मी जनावरांचा डॉक्टर. गगनबावडा-शाहूवाडीच्या डोंगरात जे धनगरवाडे आहेत, तिथं डांबर संपलं की माझा रोजचा रस्ता सुरू होतो. रस्ता कसला, जनावरांच्या खुरांनी पडलेली वाट. मध्ये दोन-तीन ओढे आणि शेवटी एक चढण, जिच्यावरचे दगड दर पावसाळ्यात जागा बदलतात. हौस म्हणून धोंड्यांत गाडी घालणाऱ्यांतला मी नाही. (खोटं कशाला बोलू, थोडी हौसही आहे.)

गेल्या मंगळवारी पहाटे फोन आला, म्हैस अडलीय. ओढ्याला गुडघ्याच्या खाली पाणी, पण गढूळ. रोज डावीकडून जातो, त्या दिवशी घाईत सरळ घातली. पुढचं चाक पार झालं आणि पोटाखाली 'धप्प' झालं. खण्ण नाही, धप्प. गाडी दगडावर बसली आणि मी पाण्यात. तशीच ढकलून बाहेर काढली, सुरू झाली, गेलो. रेडकू वाचलं, प्लेट गेली.

घरी येऊन खाली झोपून बघितलं. कंपनीची प्लेट मधोमध आत दबलीय आणि तेलाच्या ड्रेन बोल्टपासून कागदभर अंतरावर थांबलीय. तेल गळत नाही. म्हणजे तिनं तिचं काम केलं, चूक माझीच. पण अजून एक फटका तिच्यानं सोसवायचा नाही.

आता पर्याय तीन. एक, ऑनलाइन ४ एमएम ॲल्युमिनियमची, साडेचार हजार. दोन, आपल्या उद्यमनगरातला फॅब्रिकेटर अडीच एमएम लोखंडी पत्र्याची करून देतो म्हणतो, पावडर कोटिंग धरून अठराशे. तीन, एक मित्र म्हणतो प्लास्टिकची घे, १० एमएमची. मी हसलो, तर तो रागावला.

माझं वजन ८६, मागं औषधांची पेटी १२ किलो. ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं अंतर) कागदावर २२० मिमी, माझ्याखाली किती उरतो देव जाणे. आणि एक वेगळी अडचण: ॲल्युमिनियमच्या प्लेटा फार वाजतात असं ऐकलंय. गोठ्याजवळ गाडी खणखणत गेली की जनावरं बिथरतात, मग इंजेक्शन कुणाला द्यायचं? सांगा भावांनो.

बारा_तेरा_पाना (पुणे)

डॉक्टर, प्लेट कसली हा प्रश्न तिसरा. पहिला प्रश्न, ती कशाला बांधलीय? दुसरा, बोल्टची डोकी कुठे आहेत? फॅब्रिकेटरकडे जायच्या आधी ही दोन उत्तरं खिशात ठेवा.

एक्सपल्सची फ्रेम डायमंड पद्धतीची आहे. इंजिनाच्या खालून पाइप जात नाहीत, इंजिन स्वतःच फ्रेमचा एक भाग असतं. क्रेडल फ्रेम असली तर दगडाचा मार निदान काही प्रमाणात खालच्या पाइपांवर जातो. इथे खाली उघडं इंजिन आणि मध्ये तुमची प्लेट, बस्स. त्यामुळे प्लेटला बसलेला फटका कुठून कुठे जातो हे बोटाने माग काढत बघायला हवं. प्लेट, बोल्ट, ब्रॅकेट, मग काय? फ्रेम? की इंजिनाचा कान, म्हणजे ते जिथे बोल्टने धरलेलं असतं तो बाहेर आलेला भाग?

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः खड्ड्यात पडलोय. सहा-सात वर्षांपूर्वी, गाडी वेगळी होती, मी ५ एमएमची प्लेट करून घेतली आणि ८ एमएमच्या हाय-टेन्साइल बोल्टांनी थेट इंजिनाच्या माउंटिंगला आवळली. फार अभिमान होता. वेल्ह्याच्या बाजूला एका बांधावरून उतरताना मागून आपटली. प्लेटवर ओरखडा नाही. इंजिनाच्या केसचा कान मात्र तडकला. एवढ्याशा कानासाठी अख्खं इंजिन उघडलं. ती प्लेट अजून ठणठणीत आहे, गॅरेजमध्ये जॅकखाली घालतो.

तेव्हापासून माझा हट्ट असा: प्लेट ताठ, बोल्ट दणकट, पण मधले ब्रॅकेट साध्या एमएस (मऊ पोलाद) पट्टीचे, ३ एमएमचे. जे काही वाकायचं ते त्यांनी वाकावं. वीस-तीस रुपयांची पट्टी आहे, दुसरी करता येते.

बोल्टचं डोकं खालून बाहेर आलेलं चालणार नाही. दगडावर गाडी घसरते तेव्हा पहिलं तेच घासतं, ऍलनचं भोक बुजतं आणि मग प्लेट काढायला ग्राइंडर लागतो. काउंटर मारून डोकं आत बसवून घ्या, किंवा प्लेटला तेवढ्या जागी खोलगट दाब द्यायला सांगा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे) वापरा. बोल्ट जिथे आटे असलेल्या भागात जातो तिथे निळं लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा डिंक. लाल लावू नका, नाहीतर पुढच्या वेळी मला शिव्या द्याल.

आता पत्रा. प्लेटचे बाजूला वर वळवलेले कान धरून अंदाजे दीड हजार चौरस सेंटिमीटर लागेल असं समजू. ४ एमएम ॲल्युमिनियम साधारण १.६ किलो, अडीच एमएम लोखंड २.९ किलो, १० एमएम एचडीपीई प्लास्टिक १.४ किलो. लोक म्हणतात लोखंड ते लोखंड. बरोबर, पण त्याच जाडीत. वाकायला विरोध जाडीच्या घनाने वाढतो. ॲल्युमिनियम लोखंडाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढंच ताठ, तरी ४ एमएमची ॲल्युमिनियम प्लेट अडीच एमएम लोखंडापेक्षा साधारण १.४ पट ताठ पडते, आणि सव्वा किलो हलकी.

फक्त ग्रेड विचारा. ५०५२ मागा. ६०६१-टी६ नाव ऐकायला भारी, ताकदही जास्त, पण ते काटकोनात वाकवलं की बेंडच्या रेघेवर बारीक तडे जातात. दुकानात दिसत नाहीत, तिसऱ्या फटक्याला दिसतात. फॅब्रिकेटर 'ॲल्युमिनियम म्हणजे ॲल्युमिनियम' म्हणाला तर उठा तिथून.

लोखंडाची एक बाजू मात्र मान्य. वाकलं तर कुठलाही लोहार सरळ करेल, तुटलं तर कुठल्याही गावात वेल्डिंग होईल. ॲल्युमिनियमला आर्गॉन वेल्डिंग लागतं, ते वाडीवर मिळत नाही. हे तुमचं तुम्ही तोला.

इंजिन आणि प्लेट यांच्यात १० ते १५ मिमी जागा हवीच. आवाजासाठी आत बंद छिद्रांचा फोम चिकटवतात. आंघोळीच्या स्पंजासारखा भोकाभोकांचा नको, तो तेल पितो आणि बाजूला सायलेन्सरचा तापलेला पाइप असतो.

रायडर_८८ (नाशिक)

सरळ एक्सपल्सचं प्रो मॉडेल घ्या. २७० मिमी क्लिअरन्स, लांब सस्पेन्शन. प्लेटची चर्चाच नको.

धनगरवाडा_डॉक्टर (कोल्हापूर)

प्रोची सीट ८९१ मिमी. माझी उंची पाच फूट पाच. चढायला म्हशीची पाठ लागेल.

लाल_माती (कुडाळ)

डॉक्टरांनू, त्या प्लास्टिकवाल्या मित्राची माफी मागा.

पुण्याकडचा दगड काळा, गुळगुळीत. आमचा जांभा म्हणजे खवणी. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळावर, ॲल्युमिनियमची प्लेट टेकली की ती दगडात रुतते, गाडी जागच्या जागी थांबते आणि आपण हँडलवरून पुढे. प्लास्टिक रुतत नाही, घसरतं. माझी आहे ती १० एमएमची, हॉटेलात कांदा कापायची पांढरी फळी असते ना, तोच माल. तीन पावसाळे झाले. खालून बघाल तर खवल्या मांजरासारखी दिसते, पण आहे. आवाजही बोदा येतो, तुमच्या म्हशींना चालेल.

तोटे सांगतो, नाहीतर म्हणाल विकायला बसलाय. एक, ते लवचीक आहे, फटक्याला आत दबतं, म्हणून मध्ये जागा ॲल्युमिनियमपेक्षा जास्त ठेवावी लागते. तेवढा क्लिअरन्स खालून जातो. दोन, एचडीपीई साधारण १३० अंशांना वितळतं आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतं. सायलेन्सरच्या पाइपाला लागून असेल तर पहिल्याच घाटात तुमच्या प्लेटची पुरणपोळी.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. प्लेट कुठलीही घ्या, ती एक खोरं आहे. पुढून येणारं सगळं आत भरतं. लाल चिखल आत साचतो, वाळतो, विटेसारखा होतो. एकदा तो खरवडताना आतून सुपारीएवढा जांभ्याचा खडा निघाला, प्लेट आणि इंजिनाच्या केसच्या बरोबर मध्ये अडकलेला. केसवर त्याने नखाएवढा खळगा पाडला होता. विचार करा, प्लेट नसती तर तो खडा तिथे थांबलाच नसता. म्हणून खाली भोकं ठेवा, चांगली अंगठ्याएवढी, आणि गाडी धुताना खालून पाइप धरून आत पाणी मारा. सीटला पॉलिश नंतर.

दिवाळीनंतर गवत वाळलं की अजून एक काळजी. वाळकं गवत प्लेट आणि तापलेला पाइप यांच्यात बसतं आणि धुमसायला लागतं. एकदा वास आला, मला वाटलं कुणीतरी विडी ओढतोय. माझीच गाडी होती, देवा महाराजा. पठारावर उभं गवत असेल तर तिथे गाडी घालूच नका. प्लेटीसाठी नाही, पठारासाठी.

बारा_तेरा_पाना (पुणे)

लाल माती, खड्याचं शंभर टक्के. आणि डॉक्टर, एक फुकटातलं काम राहिलं. मागच्या शॉकचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवलीय ते) वाढवला का? ८६ अधिक १२ म्हणजे तुम्ही जवळजवळ शंभर किलो घेऊन फिरताय. गाडी बसकी राहते, मग प्लेट काय करणार? पेटी बांधा, गाडीवर बसा आणि कुणाला तरी मागच्या चाकाच्या आसापासून वर सीटखालच्या एखाद्या खुणेपर्यंत टेपने मोजायला सांगा. मग गाडी उचलून चाक मोकळं लोंबू द्या आणि पुन्हा मोजा. एकूण ट्रॅव्हल, म्हणजे मागचं चाक वर-खाली होऊ शकतं ते अंतर, १७० मिमी. फरक त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा बराच जास्त आला तर आधी प्रीलोड, मग उद्यमनगर.

धनगरवाडा_डॉक्टर (कोल्हापूर)

पाच आठवड्यांनी लिहितोय, माफ करा. लाळ्या-खुरकुताच्या लसीकरणात अडकलो होतो.

आधी मोजलं. कंपौंडरनं टेप धरला. फरक ७५ मिमी! म्हणजे मी दोन वर्षं निम्म्या वाकलेल्या गाडीवर फिरत होतो. प्रीलोड वाढवून ५८ वर आणला. ओढ्यातला तो दगड कदाचित तेवढ्यानंच चुकला असता, पण आता काय.

मग उद्यमनगर. फॅब्रिकेटरला ५०५२ म्हटल्यावर त्यानं माझ्याकडं असं बघितलं जसं मी रेड्याची गर्भतपासणी सांगितली. पण माणूस जाणता निघाला. बाजूच्या शेडमधून शीट आणली, तिच्यावर छापलेला नंबर दाखवला. ४ एमएम, बेंडला चांगली गोलाई ठेवून. काउंटर बोल्ट. ब्रॅकेट ३ एमएम एमएस पट्टीचे, फ्रेमकडून घेतलेले. दोन्ही बाजूंना कान वर घेतले, क्लच कव्हर आणि मॅग्नेट कव्हरचा खालचा काठ झाकेल एवढे. गिअरचा दांडा अडतोय का ते त्यानं स्वतः बूट घालून बघितलं, हे मला सुचलं नसतं. एकूण तेवीसशे. प्लास्टिक का नाही? माझ्याकडं ओढे जास्त आणि सडा कमी, आणि अजून खाली उतरायला जागा नाही. पण कुडाळकर, मित्राची माफी मागितली. मिसळ खायला घातली.

पहिला फटका बसून गेलाय. परवा त्याच चढणीवर मागच्या अंगाला आपटली. प्लेटला चरा, उजवा मागचा ब्रॅकेट बोटभर वाकला, बोल्ट सगळे जागेवर. वाडीवर एकानं पहारीच्या डोक्यावर धरून हातोडीनं पाच मिनिटांत सरळ करून दिला. पैसे घेईना. शेळीला जंताचं औषध दिलं, हिशेब फिटला.

आवाजाचं म्हणाल तर वाढलाय. फोम लावला तरी इंजिनाची टकटक खालून परत वर येते. म्हशींना काही नाही, त्यांना सवय झाली. वाडीवरच्या कुत्र्यांना मात्र आता खालच्या ओढ्यापासून कळतं की सुईवाला आला. पूर्वी मी पोहोचल्यावर पळायची, आता आधीच गायब. रेबीजची लस कुणाला टोचू?

आणि एक फजिती. सगळं झालं, भोकं पाडली, धुतली, चालवली. काल तेल बदलायला बसलो तर ड्रेन बोल्टसमोर भोकच नाही! सहा बोल्ट काढून प्लेट उतरवायची, तेल काढायचं, परत सहा बोल्ट. फॅब्रिकेटरला फोन केला. म्हणाला, "डॉक्टर, भोक पाडायला पाच मिनिटं. पण मशीनवर सध्या ऊसतोडीचं काम आहे, शुक्रवारी या."

बारा तेरा, भोक केवढं पाडू? आणि त्याला रबरी बूच बसवू की उघडंच ठेवू?

बारा_तेरा_पाना (पुणे)

तुमचा सॉकेट भोकातून आरामात जाईल एवढं, वर चारेक मिमी मोकळं. बूच नको, चिखल निघायला तेवढीच आणखी एक वाट. भोकाची कड मात्र कानसून घ्या, नाहीतर पुढच्या वेळी टाके तुम्हालाच घालावे लागतील, आणि तेही स्वतःच्या बोटाला.