क्लोरोक्विन आणि प्राइमाक्विन एक नव्हे

दोन महिन्यांच्या गरोदर बाईने मलेरियाची कुठलीच गोळी घेऊ नये, बाळाला धोका, असं काही जण सांगतात. थांबा जरा. न घेतल्याचा धोका त्याहून मोठा असतो. फॅल्सिपॅरम या मलेरियाच्या घातक प्रकाराचे जंतू वारेत साठून राहतात, आईचं रक्त उतरतं, गर्भपातही होतो.

आधी रक्ताच्या रिपोर्टमध्ये व्हायवॅक्स (मलेरियाचा दुसरा प्रकार) आहे की फॅल्सिपॅरम ते बघा. व्हायवॅक्सला क्लोरोक्विन, तीन दिवस. गरोदरपणात ती वर्षानुवर्षं देतात. चालत नाही ती प्राइमाक्विन, मलेरियाचीच दुसरी गोळी, कारण पोटातल्या बाळात जी६पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असेल तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. नावं सारखी वाटतात म्हणून लोक दोन्हीला घाबरतात.

फॅल्सिपॅरमला पूर्वी पहिल्या तीन महिन्यांत क्विनाइनच. गडचिरोलीला माझ्या वहिनीने ती सात दिवस घेतली. कानात सतत घूंऽऽ, तोंड कडू जहर, आणि साखर उतरते म्हणून उशाशी गुळाचा खडा. चौथ्या दिवशी गोळ्या खिडकीबाहेर टाकायला निघाली होती! अर्धवट सोडलेला डोस काय कामाचा? नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पहिल्या तिमाहीतही आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनची शिफारस केली. तीन दिवसांत कोर्स संपतो. पण एसीटी (आर्टेमिसिनिन गटातलं औषध आणि जोडीला दुसरं औषध, अशा गोळ्या; वरची त्यातलीच) म्हटलं की सगळं एकच, असं नाही. आपल्याकडे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनवालं पाकीटही मिळतं, ते पहिल्या तिमाहीत नको.

म्हणून मेडिकलवाल्याला नुसतं ‘मलेरियाची गोळी द्या’ म्हणू नका. कितवा महिना आहे ते डॉक्टरांना आधी सांगा.