मोपा ते लिस्बन: अंतर ८,३०० किलोमीटर, तर तिकिटावर वीस तास कसे?

साखळीची_सून: नमस्कार. सासूबाई जानेवारीत लिस्बनला धाकट्या दिरांकडे निघाल्यात. पहिलाच विमानप्रवास. नेटवर गोव्याचा मोपा विमानतळ ते लिस्बन टाकलं तर ८,३०० किलोमीटर आणि साडेदहा तास दाखवतंय. तिकीट मात्र मुंबई, दुबई करत जवळजवळ वीस तासांचं. एवढा वळसा पडतो का? दुसरं तिकीट बघू का? त्यांना मधुमेह आहे, जेवणाच्या आणि गोळ्यांच्या वेळा आधीच ठरवून द्यायच्या आहेत.

मडगावचो_भुरगो: थेट विमान नाही, कुठेतरी बदलावंच लागतं. आणि गोव्यात विमानतळ दोन, विमान मोपाहून की दाबोळीहून ते तिकिटावर नीट बघा. गोवा दोन्हीकडे लिहिलेलं असतं.

जुना_नॅव्हिगेटर, वास्को: ताई, वळशाच्या भीतीने तिकीट बदलू नका. वळसा जवळजवळ नाहीच. मी जहाजावर नॅव्हिगेशन करायचो, अंतरं काढण्यातच सगळी नोकरी सरली, म्हणून सविस्तर लिहितो.

मुलांचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक गोव्यावर, दुसरं लिस्बनवर धरा आणि ताणा. दोरा अरबी समुद्रावरून वायव्येला चढतो, मग इराण, इराक, तुर्कस्तानचा दक्षिण किनारा. भिंतीवरच्या नकाशात ही वाट वाकडी दिसते, पण सगळ्यांत जवळची तीच. पृथ्वीच्या मध्यापासून मोजलं तर दोन्ही टोकांमधला कोन सुमारे ७५ अंशांचा. एका अंशाला ६० सागरी मैल, म्हणजे ४,५०० मैल. मैलाला १.८५२ किलोमीटर धरा, तुमचे ८,३०० आले.

आता तिकिटाची वाट. मोपा-मुंबई ३९० च्या आसपास, मुंबई-दुबई १,९३०, दुबई-लिस्बन ६,१४०. बेरीज ८,४६०. फरक दीडशे किलोमीटरचा, कारण मुंबई आणि दुबई त्या दोऱ्याच्या जवळच आहेत!

नेटवरचे साडेदहा तास म्हणजे अंतराला ताशी ८०० ने भागलेला आकडा. त्यात चढ-उतार नाही, रांगेत थांबणं नाही, समोरचा वारा नाही. पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातला जोराचा वारा समोरून येतो, म्हणून जाताना जास्त वेळ लागतो आणि परतताना कमी. शिवाय इराण-इराकची हवाई हद्द बंद झाली, जशी जून २०२५ मध्ये झाली होती, तर विमानं लांबून फिरवतात. तिन्ही विमानं मिळून बारा-साडेबारा तास धरा. बाकीचा वेळ विमानतळावरच्या थांब्यांचा.

साखळीची_सून: काका, खूप आभार, जीव भांड्यात पडला. मग गोळ्या कुठल्या घड्याळाने द्यायच्या?

जुना_नॅव्हिगेटर, वास्को: डोस डॉक्टरांनाच विचारा, पण त्यांच्याकडे जाताना तिकिटावरच्या वेळा भारतीय वेळेत लिहून न्या. तिकिटावर त्या त्या गावची वेळ असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. लिस्बन जानेवारीत साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. सासूबाईंच्या हातातलं घड्याळ लिस्बनला पोचेपर्यंत बदलू देऊ नका. गोळ्या चेक-इनच्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. आणि विमान कंपनीला व्हीलचेअर आजच सांगून ठेवा. चालता येत असलं तरी सांगा. दुबईचा विमानतळ फार मोठा आहे, व्हीलचेअर असली की कर्मचारी थेट पुढच्या गेटपर्यंत नेऊन सोडतो.